मऊ शिवी

शिव्या मऊ करून ऐकवणारं यंत्र कानात घालणं आता सगळ्यांनाच सक्तीचं होतं. त्यामुळे सर्जेरावांच्या तपासणीचा रिपोर्ट आणायला गेलेला केरबा दारातूनच "बस लेका, उठू नगंस" म्हणाला, तेव्हा त्यांनी मनात 'लेका'च्या जागी नेहमीचं "भाड्या" ऐकलं.

केरबा तालमीपासूनचा दोस्त. शिवी दिल्याशिवाय त्यानं कधी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं. कोल्हापुरात गोड बोलतो तो एक तर परका, नाहीतर काहीतरी लपवणारा.

पण आज केरबा नजर चुकवून सरळ आत गेला आणि चहा ठेवायला लागला. जन्मात कधी याने गॅस पेटवला नव्हता. सर्जेरावांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

"साखर किती घालू, लेका?" आतून आवाज आला.

म्हणजे यंत्राचा यात काही हात नव्हता.

"केरबा, रिपोर्ट आणलास?"

"आणलाय की. बघू निवांत."

"आधी मला एक शिवी दे."

आतून नुसता चहा उकळल्याचा आवाज येत राहिला.