श्वासाला लागणारा वेळ

दुधावर साय यावी तसं चाचणीच्या काचेच्या बाटलीत दम्याचं औषध वर चढत होतं. श्वासातून औषध ओढायच्या पंपाचा फवारा निघतो खालून. म्हणजे औषध बाहेर ढकलणाऱ्या नव्या वायूतलं हे मिश्रण न हलवता क्षणभर राहिलं, की तोंडात नुसता वायू.

"हलवून लगेच ओढा, असं पाकिटावर छापू," कंपनीचे प्रमुख वर्तकसर बैठकीत म्हणाले. "उद्यापासून उत्पादन सुरू."

"धाप लागल्यावर लगेच जमत नाही, सर," शर्वाणी म्हणाली. ते मिश्रण तिनंच बनवलं होतं.

"काहीतरीच! एका श्वासाचं तर काम."

ती उठली. जिना धावत चढली, गच्चीला शिवून धावतच खाली आली. लहानपणापासूनचा दमा छातीत शीळ घालू लागला. सगळ्यांसमोर तिनं बाटली हलवली आणि श्वास सोडू लागली. आतला सोडल्याशिवाय औषध ओढणार कसं? श्वास सुटता सुटेना. बाटलीतलं औषध तेवढ्यात वर जाऊन बसलं.

"अहो, तुमचा पंप घ्या आधी!" सर घाबरून उठले.

पंप तिच्या खिशातच होता. तिनं तो काढला नाही. बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"आता... ओढू... सर?"