मास्तरांची डावी बाजू

"हा हात कुणाचा?" फिजिओवालीनं मास्तरांचा डावा हात उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"हिचा," मास्तर म्हणाले, आणि यात विचारायचं काय, असा चेहरा केला.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. शाळेशी त्यांचा संबंध तिसरीतच संपला होता. आणि हिचा म्हणजे बायकोचा. बायको खाटेच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसली होती, पण मास्तरांना ती दिसत नव्हती. डोळे चांगले शाबूत होते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांच्या लेखी डावी बाजू म्हणून काही उरलंच नव्हतं. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवायचे आणि कमी वाढता म्हणून कुरकुरायचे. बायको डावीकडून बोलली की उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून उत्तर द्यायचे.

फिजिओवाली पोरगी हुशार होती. तिनं बायकोला खाटेला वळसा घालून उजवीकडे बोलावलं आणि तिचे दोन्ही हात मास्तरांपुढे धरायला लावले. काकूंचे दोन हात हे इथं आहेत, मग हा तिसरा कुणाचा, असं तिनं विचारलं.

मास्तरांनी तिन्ही हात नीट पाहिले, कापडातली खोट शोधावी तसे.

"उठताना विसरली असेल," ते म्हणाले. "अलीकडे हिच्या काही लक्षात राहत नाही."

पोरगी हसली. बायकोही हसली आणि पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं बाहेर गेली.

बाहेर पोरीनं तिला समजावून सांगितलं. आपल्या एका हातानं दुसरा धरला की दोन्हीकडून कळतं. काकांना एकाच बाजूनं कळतंय. परक्याचा हात धरल्यावर असंच होतं, म्हणून तो त्यांना परका वाटतो, आणि परक्याचा हात कुणी हलवायला जात नाही. लवकर आपला वाटला तर हलेल, नाहीतर वाळत जाईल. तेव्हा काकूंनी दोन गोष्टी पाळायच्या. आता बसायचं ते डावीकडेच, उजवीकडे येऊन त्यांना सोपं करून द्यायचं नाही. आणि त्यांनी त्या हाताला बायको म्हटलं की तिथल्या तिथे चूक सुधारायची.

डावीकडे बसणं बायकोला काही नवीन नव्हतं. दुकानात सगळा जन्म तिथंच गेला होता. मास्तर मशीनवर आणि ती त्यांच्या डावीकडे, काजं-बटणं करत. शिवून झालेला शर्ट मास्तर डाव्या हातानं बाजूला सरकवायचे, मान न वळवता. तो घ्यायला ती तिथं असणार हे धरूनच चाललेलं असायचं. काज कितीही सुबक झालं तरी मास्तर 'चालेल' म्हणायचे, आणि त्यांच्या मानानं ते कौतुक फार झालं.

दुपारी वॉर्ड शांत झाला. मास्तरांनी उजव्या हातानं डावा हात मांडीवर ओढून घेतला. बोटांची टोकं चाचपली. सुया टोचून टोचून ती निबर झाली होती.

"गार पडलीस," ते हाताला म्हणाले. "दमलीस ना? काजं करून करून डोळे गेले तुझे. कधी म्हटलं नाही मी, आता पुरे, पड जरा."

आता बोलायला हवं होतं, तिथल्या तिथे. बायको बोलली नाही.

"तुझ्यावाचून माझं एक कापड पुरं झालं नसतं गं."

हे ऐकण्यासाठी तिनं जन्म काढला होता, आणि आता ते चालू होतं तर तिच्याशी चालू नव्हतं. दुसऱ्यांच्या दाराला कान लावल्यासारखं तिला वाटलं. तरी अजून एक वाक्य ऐकायचा मोह झालाच. मग तिची नजर त्या मनगटावर गेली. बाही सैल पडत होती. शिंप्याच्या बायकोला माप सांगावं लागत नाही.

"अहो," ती म्हणाली, "तो तुमचा हात आहे."

मास्तर उजवीकडच्या खुर्चीकडे वळले. खुर्ची रिकामी होती.

"खांद्यापासून चाचपत या. बाहीचं माप घेता तसं."

मास्तरांचा उजवा हात डाव्या खांद्यावर गेला. माप म्हटल्यावर तो चुकणार नव्हता. खांदा, कोपर, मनगट. मध्ये कुठे जोड लागला नाही. बोटांपर्यंत येऊन तो थांबला.

"माझा आहे," ते म्हणाले.

बायकोचे डोळे भरून आले. पोरीला हाक मारायला ती अर्धी उठलीसुद्धा.

"मग ही कधी उठून गेली?" मास्तरांनी खुर्चीला विचारलं. "आत्ता तर बोलत होतो मी हिच्याशी."

"मी इथंच आहे. इकडे वळा. डावीकडे."

मास्तरांनी मान आणखी उजवीकडे वळवली.

"न सांगता जात नाही हो ती कधी. मी काही लागेल असं बोललो का?"

खाटेला वळसा घालायला असा कितीसा वेळ लागणार होता. पण बायको उजवीकडे गेली नाही. ती पुन्हा स्टुलावर बसली, तो डावा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट दाबून धरला. मास्तर रिकाम्या खुर्चीकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिले.