चार वाजताचा फोन

समजा, तुम्ही नऊ वर्षांचे आहात आणि तुमची आई विद्यापीठात संशोधन करते. ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. त्याबदल्यात विद्यापीठ तिची फी माफ करतं आणि खर्चाला थोडे पैसे देतं. आता सरकार म्हणतंय, माफ झालेली फी हीसुद्धा कमाईच. तिच्यावरही कर भरा.

बसवेल का तुम्हाला एका जागी?

मॅरिटच्या आईला, ब्रिटाला, बसवत नव्हतं. विस्कॉन्सिनमधल्या त्या दोन खोल्यांत ती सारख्या येरझारा घालत होती. हातातली कॉफी केव्हाच गार झाली होती.

"हातात येतात बावीस हजार डॉलर आणि कर बावन्न हजारांवर!"

शेजारचा टॉलिव्हर दाराला टेकून उभा होता. तोही तिच्याच विभागातला. "मग दाखव त्यांना ते माफ फीचे तीस हजार. म्हणावं, ही घ्या हवा, यातून कापा."

"तुला थट्टा सुचते!"

"रडून कर जात असेल तर रडतो, बाई."

मॅरिटने गृहपाठातून मान वर केली. "आई, कर लागला तर?"

"तर शिक्षण बंद. सामान बांधायचं आणि बाबाच्या गोठ्यावर परत. चार वर्षांची मेहनत पाण्यात."

बाबा राज्याच्या दुसऱ्या टोकाला होता. साठ गाई सोडून त्याला हलता येत नसे. तो रविवारी फोनवर भेटायचा.

मॅरिट पेन्सिल चावत राहिली. मग म्हणाली, "हे ठरवतं कोण?"

"आपले खासदारसाहेब," टॉलिव्हर म्हणाला. "त्यांच्या कचेरीत फोन करायचा. नाव, पिनकोड आणि एका वाक्यात आपलं म्हणणं. तिथली मुलगी कागदावर रेघ मारते. जिकडे रेघा जास्त, तिकडे साहेब झुकतात."

"लहान मुलांची रेघ धरतात?"

"तुझा आवाज ऐकून दोन मारतील, पोरी."

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आल्यावर बरोबर चार वाजता मॅरिट आईचा फोन घेऊन न्हाणीघरात जायची आणि आतून कडी लावायची.

"माझ्यासमोर कर की," ब्रिटा म्हणाली.

"मला लाज वाटते."

ब्रिटाने ही गोष्ट विभागात सगळ्यांना सांगितली. सांगताना प्रत्येक वेळी तिचे डोळे भरून येत.

तिसऱ्या आठवड्यात टॉलिव्हर मोज्यांवरच धावत आला. "गळलं! ते कलम गळलं! फीमाफीवर कर नाही!"

ब्रिटाने मॅरिटला उचलून गरगर फिरवलं. "माझी वाघीण! तुझ्या रेघा कामी आल्या बघ. बोल, काय हवं तुला?"

"फोन."

"आभार मानायचेत? मान की. पण आज दार लावू नकोस. आम्हालाही ऐकू दे."

मॅरिटने नंबर लावला. नाव सांगितलं. पिनकोड सांगितला. मग तिला रडू फुटलं.

"मी रोज सांगत होते ना, कर लावा म्हणून? आता मी बाबाकडे कशी जाऊ?"