झाकणावरचं स्वस्तिक

"रोज चालू असतं," प्रयोगशाळेतल्या यंत्राकडे बोट दाखवत खैरमोडे सर म्हणाले. "पाण्याचे नमुने संपतच नाहीत."

सरकारी अनुदानाच्या तपासणीला आलेल्या डॉ. धारप यंत्राजवळ जाऊन वाकून पाहू लागल्या. अनुदानातून घेतलेलं यंत्र चकचकीत होतं, जरा जास्तच. दसऱ्याच्या पूजेला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक अजून तसंच होतं, अर्धं झाकणावर, अर्धं खालच्या पेटीवर, मधल्या फटीवरूनही सलग. आता फेब्रुवारी संपत आला होता.

"सर, नमुना झाकण उघडूनच आत ठेवतात ना?"

"अर्थात."

"मग हे स्वस्तिक मोडलं कसं नाही?"

सरांचा चेहरा उतरला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे चालवायला शिकलेला माणूस लागतो, मॅडम. प्रस्तावात मागितला होता. तुमच्या समितीनं यंत्र दिलं आणि ते पद अनावश्यक म्हणून कापलं."

धारपबाईंना ती बैठक आठवली. 'अनावश्यक' हा शब्द त्यांनीच सुचवला होता.

जिन्यात समितीच्या बाकीच्या सदस्यांच्या गप्पा ऐकू आल्या. बाईंनी पर्समधून रुमाल काढला, दाराकडे एकदा पाहिलं आणि झाकण जिथे मिटतं तिथलं, तेवढंच कुंकू पुसून टाकलं.