आओ

जपानमधल्या निइगातातल्या घरी कान्झो फोन कानाला लावून सुनेच्या फिशटँकसमोर बसले होते. पाणवनस्पती जोमानं वाढाव्यात म्हणून तिनं सकाळीच त्यात कार्बन डायऑक्साइडची नळी सोडली होती आणि ऑफिसात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. “मामंजी, काचेवरच्या गॅस मोजायच्या कुपीतलं पाणी कोणत्या रंगाचं झालंय?” “आओ.” “अजून निळंच? मग गॅस कमी पडतोय. सिलिंडरची चावी जरा उघडा.” कान्झोंनी चावीवर हात ठेवला. “बरं. पण रंग झकास आहे, चौकात गाड्या सोडणाऱ्या दिव्यासारखा.” “म्हणजे हिरवा? मामंजी, हात काढा! आणखी गॅस गेला तर मासे गुदमरतील. तुम्हा जुन्या माणसांना निळंही आओ नि हिरवंही आओ.” “हिरवा वाईट का?” “हिरवाच तर हवा होता.” तेवढ्यात पानापानावर बुडबुड्यांचे मोती जमले आणि सरसर वर निघाले. कान्झो ओरडले, “सूनबाई, तुझा सिग्नल सुटला.”