पाठीवरचं ऊन

"कांदा असा उघडा टाकतात का कुणी? माहेरी एवढंही शिकवलं नाही!" असं म्हणत द्वारकाबाईंनी सुनेच्या आयरिस या फुलझाडाच्या कांद्यांवर रोजच्यासारखी ओंजळभर माती लोटली.

"आई, त्याला फुलायला पाठीवर ऊन लागतं हो," मृणाल पुन्हा एकदा म्हणाली. ते कांदे तिच्या वडिलांच्या बागेतले. वडील गेले, बागही विकली गेली. एवढेच उरले होते.

"तीन वर्षं नुसती पाती! गाढवही तोंड लावणार नाही असल्या गवताला. लेकीकडून परत आले की मी हे उपटणार आणि अळू लावणार."

हिवाळाभर लेकीकडे राहून द्वारकाबाई परतल्या, त्या अळूचे कंद पिशवीत घेऊनच. पण फाटकातच त्यांचे पाय थबकले. वाफ्यात जांभळी फुलं डोलत होती. खाली माती बाजूला सारलेली, आणि उघडे कांदे खुशाल ऊन खात पडलेले.

मृणाल दारात येऊन उभी राहिली.

द्वारकाबाई वाकल्या. हात सवयीनं मातीकडे गेला, तसाच मागे आला.

"वास मात्र काडीचा नाही," त्यांनी नाक मुरडलं, आणि अळूची पिशवी उचलून त्या मोरीमागच्या ओल्या जागेकडे चालू लागल्या.