बरणीतलं हृदय

नवं हृदय बसवल्यावर वेल्डरबाईंनी जुनं पाहायचा हट्टच धरला. “कशाला ताई? दगाबाज निघालं ते,” म्हणत धाकटा भाऊ कुरकुरत प्रयोगशाळेत आला. बरणीतलं हृदय फुगून सैल पडलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, “हृदय मुख्यतः चरबीवर चालतं. ती पेशींच्या भट्टीत पोचवायला कार्निटिन लागतं. यात तेच फार कमी सापडलं.” “म्हणजे सिलिंडर भरलेला आणि नळी तुंबलेली,” बाई भावाला म्हणाल्या. “अर्धपोटी राबलं बिचारं. पुन्हा दगाबाज म्हणायचं नाही.” भावाने मान खाली घातली. डॉक्टरांनी चाचरत विचारलं, “पुढच्या संशोधनासाठी आणखी तुकडे करू?” “नको, सन्मानाने पुरू या,” भाऊ पुटपुटला. बाईंनी मात्र बरणी उचलून डॉक्टरांच्या हातात दिली. “हवे तेवढे करा. परवा जिना चढताना माझ्या लेकीला धाप लागली. तिच्यावर ही पाळी मी येऊ देणार नाही.”